तोफेचा कान

केसाएवढं बारीक ड्रिल हवं होतं, म्हणून त्या दुपारी मी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे गेले. बाहेर धुकं होतं. त्या मोसमात आमच्याकडे धुकं एकदा उतरलं की लवकर हलत नाही, भरदुपारी दुकानांतून दिवे लावावे लागतात. घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं, ड्रिल कागदात गुंडाळलं आणि नेहमीसारखं विचारलं, "आता काय पोखरताय?"

"तोफ."

"केवढी?"

मी करंगळीची दोन पेरं दाखवली.

"आणि तिला खराखुरा कान पाडणार? अहो, बघणार कोण?"

तोफेच्या मागच्या अंगाला, वरच्या बाजूने, बत्ती द्यायचं एक भोक असतं. त्याला कान म्हणतात. जहाजांची मॉडेलं करणारे बहुतेक लोक तिथे नुसता टोचा मारतात, वर काळा ठिपका दिसला की झालं. मला ते जमत नाही. अर्धवट काम माझ्या घशाखाली उतरत नाही, याला कोणी खोड म्हणो की माज.

"मी बघणार आहे," असं म्हणून मी घरी आले.

एका संग्रहालयाला जुन्या व्यापारी जहाजाचं मॉडेल हवं होतं. ते जहाज कधीकाळी माल आणि माणसं घेऊन निघालं आणि कुठल्याच बंदराला लागलं नाही, एवढीच त्याची माहिती. आमच्याकडे लाकूडकाम ह्यांचं आणि पितळ माझं. सांगाडा, डोलकाठ्या, दोरखंड लावून हे फिरतीवर निघून गेले होते. घरात मी आणि बाबा.

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर बंदरात पायलट होते. पायलट म्हटलं की लोक आभाळाकडे बघतात, म्हणून सांगते. बाहेर खोल पाण्यात थांबलेल्या जहाजापर्यंत लहान होडीने जायचं, दोराच्या शिडीने वर चढायचं आणि खडक, वाळूचे बांध चुकवत त्याला धक्क्याला आणायचं, हे त्यांचं काम. गुडघे गेले तेव्हा आम्ही त्यांना इकडे आणलं, समुद्रापासून रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून दिसतात ती समोरची गच्ची आणि पाण्याच्या टाक्या. ते कधी कुरकुरले नाहीत. माझ्या लेथजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि तयार झालेली प्रत्येक तोफ भिंगाखाली फिरवून बघायचे.

"तोंडाजवळची कडी जाड झालीय. हिचं नाक खाली झुकेल."

"नकाशात आहे तशीच आहे."

"मग नकाशावाला कधी बोटीत बसला नसेल. आणि तू तोफखान्यात असतीस तर दारूगोळा लागलाच नसता. तुझ्या तोंडानेच शत्रू पळाला असता."

असं आमचं चालायचं. माझे वडील मी लहान असतानाच गेले. लग्नानंतर मला बाप मिळाला, हे मी ह्यांनाही कधी बोलून दाखवलं नाही, तुम्हाला सांगतेय.

नाळेवरची, म्हणजे जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाची तोफ मी त्या संध्याकाळी पुरी केली. ड्रिल आत जाता जाता एकदम हलकं झालं. भोक नळीपर्यंत पोचलं होतं. पितळेचा भुगा काढायला मी तोफ ओठांशी धरून कानात फुंकर मारली, तर तोफेच्या तोंडातून एक बारीक शीळ निघाली. गंमत वाटली. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दाराची बेल त्यांना ऐकू येत नाही. आपल्याबद्दल कोणी काही बोललं तर तेवढं दोन खोल्यांपलीकडून ऐकू येतं. पण ती शीळ त्यांनी ऐकली.

मी तोफ काळी केली, गाड्यावर बसवली, नाळेवर चिकटवून टाकली.

दुसऱ्या दिवशी धुकं आणखी खाली आलं. समोरची गच्ची गेली, टाक्या गेल्या, खिडकीबाहेर नुसतं दुधाळ काहीतरी सरकत होतं. दिवा लावून मी कामाला बसले होते. आणि कुठेतरी... शेजारच्या खोलीत कोणी जाड पुस्तक मिटावं तसा आवाज झाला. लगेच तोफेच्या जळक्या दारूचा वास आला, आणि त्याच्या मागून ओल्या दोराचा.

"बोलावतायत," बाबा म्हणाले.

"कोण?"

"एक तोफ, मग गप्प. म्हणजे पायलट पाहिजे. आमच्या आधीच्या काळात असंच बोलवायचे." ते खिडकीकडे बघत होते. "माझा कोट काढ."

मला हसू आलं. म्हातारपणी माणसं भूतकाळात फिरून येतात, तसंच वाटलं. मी कोट आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने पाहिलं तर ते डोळे उघडे ठेवून झोपले होते. हात लावला तर हात गार पडलेला. हलवलं, हाका मारल्या, किती वेळ ते उठेचनात. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी दीर्घ श्वास घेऊन उठले तेव्हा त्यांचे केस ओले होते, कपाळावर चिकटले होते. मी पदराने पुसले. पदराला मिठाचा वास आला.

"जवळ जवळ पोचलो होतो," ते म्हणाले. "तू ओढलंस."

त्यानंतर धुक्यातल्या प्रत्येक दुपारी तो आवाज झाला, आणि प्रत्येक वेळी बाबा जास्त लांब गेले. डॉक्टर येऊन गेले, वय झालंय म्हणाले. ते मलाही माहीत होतं. मला भीती वयाची नव्हती. एखाद्या दुपारी मी ओढीन आणि ते येणार नाहीत, ही होती. हे घरी परतल्यावर मी त्यांना काय तोंड दाखवणार होते?

मी ती तोफ नाळेवरून उचकटली. कापसात गुंडाळून पेटीत घातली, पेटी कपाटात. आवाज कपाटातून आला, आणि कपाटातल्या कपड्यांना दारूचा वास लागला.

मग मला सुचलं. शत्रूच्या हाती लागायची वेळ आली की तोफेच्या कानात खिळा ठोकायचे, म्हणजे ती मुकी व्हायची. आपल्याच हातचं काम बिघडवताना जिवावर आलं, पण मी पोलादी टाचणीचं टोक तोडलं आणि हलक्या हातोडीने त्या कानात बसवलं. तोफ परत नाळेवर ठेवली.

त्या दुपारी काही झालं नाही. धुकं होतं, शांतता होती, बाबा जागे होते. माझा जीव भांड्यात पडला.

पण बाबा काही सुखात नव्हते. खुर्चीचे हात घट्ट धरून ते पुढे वाकून बसले. जेवण तसंच परत गेलं. संध्याकाळी पाहिलं तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. या माणसाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"आवाज का थांबला?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधीच जमलं नाही.

"पोरी..." ते खिडकीकडे वळले. "त्यांना काही दिसत नाहीये. डावीकडे खडक आहेत. अगदी जवळ... आणि आता त्यांना हाकही मारता येत नाही."

"ते कुठे आहेत हे मला माहीत नाही, बाबा. तुम्ही इथे आहात, एवढं माहीत आहे."

"मी आजवर कुठल्या जहाजाला नाही म्हटलेलं नाही. एकदाही नाही. वादळात गेलो, तापात गेलो. तुझ्या नवऱ्याचा जन्म झाला त्या दिवशीही गेलो होतो, तुझ्या सासूबाईंनी तुला ऐकवलं असेलच." ते जरासे हसले. "आता शेवटी नाही म्हणायला लावू नकोस."

त्यांनी दुसऱ्या दिवशीही ताटाला हात लावला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी पाणीही नको म्हणाले. तेव्हा मला कळलं की मी त्यांना धरून ठेवलं तरी ते जाणार आहेत, आणि तेही दुःखी होऊन.

मी टाचणी काढायला घेतली. "एका अटीवर," मी म्हटलं. "तुमचा हात माझ्या हातात राहील. ओढणार नाही. पण जहाज लागलं की तुम्ही परत यायचं. मधे कुठे गप्पा मारत बसायचं नाही."

"आलोच," ते म्हणाले. भाजी आणायला जाणाऱ्या माणसाने म्हणावं तसं.

मी त्यांना कोट घातला. दिवा जवळ ओढला. चिमट्याने टाचणी निघाली आणि मी हात मागे घ्यायच्या आत आवाज झाला. बोटांना धग लागली.

ती दुपार मला अजूनही नीट सांगता येत नाही. धुकं खिडकीबाहेर होतं की खोलीत, कळत नव्हतं. दिव्याभोवती पिवळं वलय होतं आणि लेथ, कपाट, भिंती त्याच्या पलीकडे कुठेतरी गेल्या होत्या. जमीन हळूच वर यायची, हळूच खाली जायची. मला भीती वाटायला हवी होती, पण लहानपणी पाळण्यात वाटलं असेल तसं वाटत होतं. बाबांचा हात माझ्या हातात गार होत गेला. आणि मग ते बोलू लागले, अगदी हलक्या आवाजात, तरण्या माणसाच्या आवाजात.

"डावीकडे नको... उजवीकडे. अजून. असंच राहू द्या." मग बराच वेळ काही नाही. "आता हळू... हळू. खाली वाळू आहे, घाबरू नका, मी आहे." लाकूड करकरलं. कुठेतरी साखळी सुटत गेली, तिचा आवाज संपता संपेना. माझी मान पेंगून खाली येत होती, तरी मी हात सोडला नाही. शेवटी जमीन एकदा थरथरली आणि स्थिर झाली.

"बांधा," बाबा म्हणाले.

त्यांच्या बोटांत ऊब आली. त्यांनी डोळे मिटले, उघडले, माझ्याकडे पाहिलं. "भूक लागलीय," ते म्हणाले, आणि मी लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडले. खिडकीबाहेर टाक्या दिसू लागल्या होत्या. मी दूध तापवलं, त्यांनी पाव बुडवून खाल्ला, दोनदा मागून घेतला. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"काय होतं जहाजावर?" मी थट्टेने विचारलं. "सोनंनाणं?"

"पायलटने विचारायचं नसतं. आणायचं आणि उतरायचं." त्यांनी तोंड पुसलं. मग कपाळावर आठी आली. "एक मात्र राहून गेलं. चढायच्या आधी वर बघायचं असतं, निशाण कुठलं आहे ते. धुक्यात मला दिसलंच नाही."

"त्याने काय होतं?"

"पिवळं असेल तर पायलट चढत नाही. पिवळं म्हणजे जहाजावर साथ आहे. मग त्याने कितीही तोफा डागू देत, कोणी जात नाही. बाहेरच ठेवतात, सगळं... संपेपर्यंत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे.

तेवढ्यात जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज आला. या काकू बाजारात निघाल्या तरी सगळ्या इमारतीला कळतं. मी दार उघडलं. काकू सोडल्या तर जिना रिकामा होता. काकू एका बाजूने, भिंतीला अंग घासत, वर चढत होत्या. "सरका हो जरा... अहो, पाय ठेवायला तरी जागा द्या," म्हणत होत्या. प्रत्येक पायरीवर त्या कोणाला तरी ओलांडत होत्या.

"काय गं बाई, एवढे पाहुणे? सांगायचं तरी," त्या मला म्हणाल्या. धापा टाकत होत्या. त्यांचा डावा हात कमरेपाशी वळलेला होता, पोराला कडेवर घेतल्यासारखा, आणि त्यावर काहीच नव्हतं. "आणि याची आई कोण आहे? खाली पायरीवर एकटंच बसलं होतं. अंग बघ, नुसतं फणफणलंय. धर बाई, माझा हात भरून आला."

त्यांनी हात पुढे केले. मीही पुढे केले, कोणी मूल देऊ केलं की बाईमाणूस करतं तसे, विचार न करता.

हातांना आधी ऊब लागली. मग वजन आलं.