तळ्यावरची हिरवी साय

वर्षाराणी तळ्याकडं निघाली ती म्हैस शोधायला. वैशाखातली सांजवेळ, तरी लोह्याकडचं ते माळरान अजून पायाखाली पोळत होतं. गाभण चंद्री दावं तोडून गेली होती, आणि तळ्याचं पाणी जनावराला पाजू नका, असं जनावरांचे डॉक्टर बजावून गेले होते.

त्याला पाणी तरी कसं म्हणावं? वरच्या शिवारातलं खत वाहून तळ्यात उतरलेलं. उन्हानं पाणी आटलं, तसं शेवाळ फुगलं आणि या काठापासून त्या काठापर्यंत हिरवी साय धरली. एका रात्रीत पाण्यातली हवाच संपली. पहाटे तिच्या नवऱ्यानं, बजरंगनं पाळलेले मासे वर आले, तोंडं उघडत-मिटत तडफडले आणि मेले. बजरंगनं ते खड्ड्यात पुरले. मग बगळे दिसेनासे झाले. बेडूकही गप्प झाले.

चंद्री काठावरच उभी होती. पाण्याला तोंड लावत नव्हती. तळ्याच्या मधोमध बघत नुसती थरथरत होती. वर्षाराणीनं तिच्या गळ्यातला दोर धरला, तोच आवाज आला.

पच्... पच्...

सायीत एक भोक पडलं. मिटलं. मग जरा अलीकडं दुसरं पडलं.

मागून बजरंग धावत आला. "मासे हायेत! जित्ते हायेत, वर्षा!"

"आवं, तुमीच पुरले की समदे..."

"हवा मागून राहिलेत ते..."

तो गुडघाभर पाण्यात उतरलासुद्धा. साय त्याच्या पायांभोवती मिटली. भोकं आता चहूबाजूंनी त्याच्याकडं सरकत होती. तो खाली वाकला, पार तोंड टेकेपर्यंत. सडक्या गवताचा वास वर्षाराणीच्या घशाशी आला. तिनं त्याचं मनगट धरून सगळ्या ताकदीनं ओढलं. बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ हिरवे होते.

घरी तिनं त्याला दोनदा अंघोळ घातली. तो जेवला नाही.

"कोंडून राहिलंय... हवा न्हाई घरात," म्हणाला आणि गच्चीवर गेला. तीही शेजारी आडवी झाली. त्याचा श्वास ऐकता ऐकता कधीतरी तिचा डोळा लागला.

उजाडताना जाग आली तर अंथरूण रिकामं. तो कठड्याशी उभा होता. मान मागं टाकलेली, डोळे उघडे, आणि तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज अजिबात नाही.

"आवं... बोला की काहीतरी..."

तिनं गदागदा हलवलं. अंग गरम होतं, पण पापणी हलेना. शेजारच्या गच्चीवर दीर झोपायचे, म्हणून ती तिकडं वळून ओरडली, "भावजी!"

व्यंकटराव उभेच होते. मान मागं टाकून. त्यांच्या पलीकडच्या गच्चीवर धोंडाबाई. त्याच्याही पलीकडं, पार गल्लीच्या टोकापर्यंत, एकेका गच्चीवर माणसं उभी होती, आभाळाकडं तोंड उघडत आणि मिटत.

त्यांतलं कुणीच तळ्यात उतरलं नव्हतं.