पोर्थब्रेची राजनौका

राजाची नवी नौका बुडाली. पण असं काही घडलंच नाही, असं पोर्थब्रेच्या नगरपालिकेने एकमताने ठरवलं आहे; तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

नगराध्यक्ष पेनरोज गुप्तहेर टॅम्सिन रो हिच्याकडे धापा टाकत आले, तेव्हा तिचा सहकारी पास्क जॅम नि साय लावलेला स्कोन, म्हणजे गोडसर पाव, खात होता.

"राजनौकेचं मॉडेल चोरलं! हातभर लांब, काल दुपारी, सभागृहातून! आज संध्याकाळी ठराव आहे, राजवाड्याने नवी नौका बांधावी की नको. चोर उघड आहे. लव्हडे नान्स! विरोध तिचा एकटीचाच. आज तिला सदस्यपदावरून काढतोच."

वरच्या मजल्यावरच्या सभागृहात उरला होता फक्त मॉडेलचा पितळी चौथरा, आरशासारखा लखलखीत. पास्कने पाऊल टाकलं आणि जमिनीची लाकडी फळी, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी किंचाळली. टॅम्सिन भिंतीच्या कडेकडेने हलकेच गेली, फळ्या गप्प.

"मी काल दुपारी या फळ्यांखालीच जेवत होतो," रखवालदार टॉम म्हणाला. "वर उंदीरसुद्धा फिरकला नाही."

"चौथरा तुम्ही पुसलात?"

"मी? पितळ? बाई, चेष्टा करता काय गरिबाची!"

लव्हडेबाई आल्या त्या जाडजूड बूट आपटत. "शाळेचं छप्पर गळतंय नि यांना राजासाठी होडी हवीय! विरोध मी तोंडावर करते. चोरी कशाला करू?" दर वाक्याला काठी आपटत होती आणि फळी किंचाळत होती.

मग दोघं गेले जागो हॉकिनच्या घरी. जागो म्हणजे जुन्या राजनौकेवरचा म्हातारा खलाशी. राजघराण्याची झोपमोड नको म्हणून तिथे सगळे मऊ तळव्यांचे बूट घालत, हुकूमही हाताच्या खुणांनी देत, नि हात लागलेलं पितळ लगेच पुसून ठेवत. जागोने खुणेनेच त्यांना खुर्च्या दाखवल्या.

"नौका हवी का, काका?" टॅम्सिनने विचारलं.

"हवी म्हणजे काय, हवीच! पण डॉक्टर म्हणतो, हिवाळ्यापलीकडचे बेत आखू नका."

पास्कचे हात अजून चिकट होते. "जरा न्हाणीघरात..."

"स्वयंपाकघरात धुवा!" जागो दचकून म्हणाला. "न्हाणीघर बंद आहे."

पास्कने निमूट हात धुतले. त्याला वाटलं, नळ बिघडला असेल.

संध्याकाळी भरल्या सभेत टॅम्सिन उठली. "लव्हडेबाई वर गेल्या असत्या, तर फळ्यांमधून टॉमच्या ताटात भुसा पडला असता. चोर मऊ पावलांचा आहे. शिवाय चोरी करून निघताना मागचं पितळ पुसून जाणारा चोर एकाच जहाजावर घडतो. आणि न्हाणीघर नळासाठी बंद नाही, पास्क. टबात नौका आहे."

जागो उभा राहिला. "खरी नौका बघायला मी नसेन. म्हटलं, पाण्यावर एकदा तरी बघावी."

"मग?" लव्हडेबाईंनीच विचारलं.

"कलंडली. तळाशी गेली. मी सलाम केला."

"हे घडलेलंच नाही!" पेनरोज ओरडले.

काठी या वेळी आपटली नाही. "माझा विरोध कायम आहे," लव्हडेबाई नाक पुसत म्हणाल्या. "पण लिहून घ्या."

आणि लिहिलं गेलं: 'सभेची राजवाड्यास सविनय विनंती, की नवी नौका बांधू नये. बांधल्यास ती या हिवाळ्याआधी पाण्यात सोडावी आणि तिच्यावरील पितळ पुसण्यासाठी श्री. जागो हॉकिन यांची कायमस्वरूपी नेमणूक करावी.'