चाकणवरची तबकडी

इंदूने दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर एक अनोळखी तरुण उभा. काखोटीला लाकडी पेटी नि भुवयांवर एसटीची धूळ.

“तबकडीची जाहिरात तुम्हीच दिलीत ना? मी ज्योतीराम. पिंपरीला माझं ग्रामोफोनचं दुकान आहे. काय हवंय – नाट्यगीत की लावणी?”

इंदूने गोंधळून वर्तमानपत्र काढलं. ‘तबकडीविषयी माहिती असणाऱ्यांनी भेटावे.’ छापणाऱ्याने नेमका ‘उडत्या’ हा शब्द खाल्ला होता! तिचे वडील अण्णा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली... नि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“मला आकाशातली हवीय.”

“ती आम्ही ठेवत नाही,” त्याने पेटी खाली ठेवली. “पण ऐकायला आवडेल.”

तिने सांगितलं. तिचे वडील, दौलतराव मास्तर, यांनी गेल्या कार्तिकात ऐन मावळतीला एक चकचकीत गोल आकाशातून जाताना पाहिला होता, तोही वाऱ्याच्या उलट! वेळ, दिशा, सगळं त्यांनी वहीत टिपलं. गाव मात्र हसलं. मास्तरांना भ्रम झालाय, म्हणालं. ते ऐकत ऐकतच अण्णा माघात गेले.

मग दर रविवारी ज्योतीराम येऊ लागला.

“मंगळावरची माणसं असतील?” तो विचारायचा.

“एवढ्या लांबून आली, नि चाकणचे कांदे बघून परत गेली?”

“मग एखाद्या देशाचं गुप्त विमान?”

“आवाज नव्हता.”

“शुक्र?”

“तो असा पळत नाही.”

“तापलेल्या हवेच्या थरात उजेड वाकतो म्हणे...”

“हं, हे लिहून ठेवते,” ती म्हणायची. त्याची नजर वहीवर कमी, तिच्या शाईच्या बोटांवर जास्त.

“मंगळ कुंडलीत असतोय, बया,” चहा ठेवताना सोजराआत्या म्हणायची. “तुमी वर काय हुडकताय?”

सहाव्या रविवारी त्याने एक पाकीट पुढे केलं. त्याने पुण्याच्या वेधशाळेला लिहिलं होतं, त्याचं उत्तर. त्या संध्याकाळी हवामानाचा फुगा सोडला होता. खालच्या वाऱ्याच्या उलट वारा वर उंचावर वाहू शकतो. मास्तरांची वेळ मिनिटाला मिनिट जुळते.

इंदूने ते तीनदा वाचलं. मग तिची नजर तारखेवर गेली.

“हे पंधरा दिवसांपूर्वीचं आहे.”

“हो...” त्याने मान खाली घातली. “कोडं सुटलं, की मी इथे कशाला येणार? म्हणून... धीर झाला नाही.”

“म्हणजे तुमच्या येण्यापायी माझे अण्णा आणखी पंधरा दिवस खोटे राहिले!”

“चुकलंच माझं.”

मग इंदूने पायांत चपला सरकवल्या.

“चला. आत्ताच चावडीवर. हे पत्र तुम्ही वाचायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

“वाचतो. पण लोक विचारतील, हा मास्तरांचा कोण...”

“विचारतीलच,” ती म्हणाली, आणि पदर सावरण्याच्या निमित्ताने तिने तोंड फिरवलं. “काय सांगायचं... ते जाता जाता ठरवू.”