मामाची कडी आणि आजोबांचं इंजिन

"इंजिन गेलं! चोरीला गेलं! डबा रिकामा!"

टिटवी बोंबलतच अंगणातून आत आली. तिला शाळेत दुसरं नाव होतं, पण एकदा तिचा आवाज ऐकला की ते कुणाच्या लक्षात राहत नसे.

"अगं, हळू! शेजारी धावत येतील," तिची ताई म्हणाली. ती टेबलावर जुने टूथब्रश मांडून बसली होती.

"येऊ देत! चोर तरी सापडेल!"

"चोर इंजिन कशाला नेईल?" तोंडातला पाव कसाबसा गिळत ढब्बू म्हणाला. ढब्बू हा मामाचा मुलगा. सुट्टीत या दोघी बहिणी त्याच्याकडे राहायला आल्या होत्या. "माझी नवी सायकल बाहेर उभी आहे. चोराला काही अक्कल असते की नाही?"

इंजिन होतं आजोबांचं. लिंबाएवढं, मॉडेल विमानाचं. 'खेळण्यातलं विमान' म्हटलेलं आजोबांना मुळीच खपत नसे. एके काळी ते इंजिन असं काही भणभणायचं की गल्लीतली कुत्री पळून जायची म्हणे! मग ते माळ्यावर पडलं. त्याच्या इंधनात एरंडेल तेल असायचं, ते वाळून डांबरासारखं चिकट झालं आणि आतला दट्ट्या जागच्या जागी रुतून बसला. पंखा तसूभर हलेना.

आजोबा आज दुपारच्या आत येणार होते. मामी त्यांना आणायला गेली होती. फोनवर त्यांनी मुलांना बजावलं होतं, "साफ करून ठेवा. फिरलं, तर या सुट्टीत विमान उडवायला शिकवतो. पण जोर लावून मोडलंत, तर विषय संपला. त्याचे भाग आता जगात कुठे मिळत नाहीत. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, थोडी ऊब, दोन थेंब शिलाई मशीनचं तेल आणि धीर! अडकलेल्याला ढकलायचं नसतं. मागे-पुढे, मागे-पुढे, गोंजारायचं."

आणि आता डबाच रिकामा!

"हे बघा!" ताई खाली वाकली. फरशीवर काळपट चिकट डाग होते. डब्यापासून निघालेले डाग स्वयंपाकघरातून थेट मागच्या कपडे धुण्याच्या खोलीपर्यंत गेले होते.

तिघं आत शिरली आणि तिघांनी एकदमच नाक दाबलं.

"पेट्रोल!" ढब्बू म्हणाला.

वॉशिंग मशीनच्या पलीकडे, भिंतीवरच्या गॅस गिझरच्या अगदी खाली, जमिनीवर एक पत्र्याचं तसराळं होतं. ते पेट्रोलने भरलेलं होतं आणि त्यात आजोबांचं इंजिन बुडालेलं होतं. खोलीची एकुलती एक खिडकी घट्ट बंद!

"बाबांचे पराक्रम!" ढब्बूने कपाळावर हात मारला. "काल फोनवर आजोबांना सांगत होते, 'पोरांच्या काय नादी लागता? मी चुटकीसरशी करून देतो.' आणि खिडकी कशाला लावलीये माहितेय? इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून!"

"धन्य आहे मामाची!" ताई म्हणाली. "आधी ते तसराळं बाहेर—"

खट्!

तिघांनी वळून पाहिलं. दार बंद झालं होतं, आणि बाहेरून कडी लागली होती.

मामाची ही सवय साऱ्या घराला ठाऊक होती. शेजारच्या मांजरीने या खोलीत पिल्लं घातली तेव्हापासून जाता-येता दिसेल त्या दाराला तो कडी घालायचा. आत कोण आहे, नाही, बघायचं नावच नाही! एकदा मामीला कोठीत कोंडलं होतं, एकदा वीज मीटर बघायला आलेल्या माणसाला गच्चीवर. त्याने बिचाऱ्याने वरून केवढ्या हाका मारल्या होत्या!

"मामा! ए मामाऽऽ!" टिटवीने सगळा जीव एकवटून हाक मारली. ढब्बूने दारावर बुक्क्या घातल्या.

पण मामाच्या कानात हेडफोन होते. स्वतःच्याच भसाड्या सुरात गात तो जिना चढून गेला. वरच्या बाथरूमचं दार लागलं, आणि लगेच दाढीच्या मशीनचा घूं-घूं आवाज पाइपांमधून खाली ऐकू येऊ लागला.

"येईल की अंघोळ करून," टिटवी म्हणाली. "तोवर नाक धरून बसू."

ढब्बू गिझरकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई," तो पुटपुटला, "बाबा आधी दाढी करतात, मग अंघोळ. वरचा गरम पाण्याचा नळ सोडला की हा गिझर आपोआप पेटतो. इथे. आत जाळ होतो."

टिटवीने हळूच ताईचा हात धरला.

वास आता डोक्यात भिनायला लागला होता. ढब्बूने छताच्या पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस!" ताई किंचाळली. "बटणात ठिणगी उडते!"

ढब्बूने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"मग काय करायचं? असंच बसायचं?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

ताईलाही रडूच येत होतं, पण आपण रडलो तर ही दोघं भोकाड पसरतील हे तिला पक्कं माहीत होतं. "आधी तसराळं झाकू. वास जमिनीलगत पसरतो, म्हणून टिटवे, तू मशीनवर चढ. ढब्बू, तो प्लॅस्टिकचा टब दे!"

दोघांनी कपड्यांचा टब अलगद तसराळ्यावर पालथा घातला. ताईने मशीनवरच्या बादलीत भिजवलेली चादर काढून टबाच्या कडेने गच्च लपेटली. वास कमी झाला, पण गेला नाही. जो आधीच खोलीत भरला होता, तो कुठे जाणार? ढब्बूने खिडकी ओढून पाहिली. ती जुन्या रंगाने चिकटलेली होती, जाम हलेना.

वर दाढीचं मशीन घूं-घूं करतच होतं.

"गिझरला पाणीच मिळालं नाही तर?" मशीनवर उकिडवी बसलेली टिटवी एकदम म्हणाली. "तो नळ बघा ना, त्याच्या बुडाशी!"

खरंच की! गिझरच्या पाण्याच्या पाइपला एक छोटा पितळी नळ होता. ढब्बूने झडप घातली आणि दोन्ही हातांनी जोर लावला. नळावर पांढरा क्षार साचला होता. नळ फिरेना, उलट सगळा पाइपच करकर करत वाकायला लागला.

"मोडशील! थांब!" ताईने त्याला मागे ओढलं. "आजोबा काय म्हणाले होते? अडकलेल्याला..."

"...ढकलायचं नसतं!" ढब्बू म्हणाला. "तेल! तेल कुठाय?"

"माझ्या खिशात!" टिटवीने फ्रॉकच्या खिशातून मशीनच्या तेलाची बाटली काढली. सकाळपासून ती ही बाटली तिजोरीच्या किल्लीसारखी सांभाळत होती.

ताईने नळाच्या दांडीशी तेल सोडलं. ओला रुमाल गुंडाळून नळ धरला. थोडा मागे. थोडा पुढे. मागे. पुढे. काहीच नाही. पुन्हा एक थेंब.

घूं-घूं थांबलं.

"ताई, दाढी झाली!"

"बोलू नकोस माझ्याशी!"

मागे. पुढे. आईची आठवण येऊन तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण हात तिने थांबवले नाहीत. मागे. पुढे. आणि नळ किंचित सरकला! मग आणखी थोडा. मग गुमान फिरला आणि बंद झाला.

वर शॉवरचे गरम-गार दोन्ही नळ कर्र करून सुटले. पाइपात गुळगुळ झालं... गिझर मात्र गप्प!

आणि मग वरून गर्जना आली, "अरे, गार! गार पाणी! मेलो!"

ढब्बू खदखदा हसला. मामाने गार पाण्याने अंघोळ केल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. पण हसता हसता तो एकदम थांबला.

"आता ते खाली येणार. गिझर रुसला की बाबा काडी ओढून पेटवतात!"

धप धप धप! मामा जिना उतरत होता.

"मामा, काडी ओढू नकोस! पेट्रोल आहे!" तिघं एका सुरात ओरडली. कडी निघाली. दारात मामा उभा! कमरेला टॉवेल, डोक्यावर शॅम्पूचा फेस, डोळे मिटलेले आणि हातात काड्यापेटी.

"आं? तुम्ही आत काय करताय? बाजूला व्हा, बाजूला! डोळ्यांत साबण गेलाय, आधी गिझर पेटवू दे." आणि त्याने काडी काढलीसुद्धा!

सपाक्!

टिटवीने मशीनवरून अख्खी बादली त्याच्यावर उपडी केली. काडी, काड्यापेटी, मामा, सगळं चिंब! डोक्यावर ढब्बूचा भिजवलेला मोजा लटकत होता.

"कार्टे!" मामा ओरडला. पण फेस धुतला गेल्यावर त्याचे डोळे उघडले आणि नाकही. त्याने एकदा खोलीकडे पाहिलं, मग हातातल्या ओल्या काडीकडे.

"पळा! बाहेर पळा!"

मुलं अंगणात धावली. मामाने दार सताड उघडं टाकलं, बाहेरच्या सिलिंडरचा गॅस बंद केला आणि तो तसाच पायरीवर मटकन बसला.

"मी तुम्हाला आत कोंडून वर गेलो," एवढंच तो म्हणाला, आणि त्याने तिघांना जवळ ओढलं. तो चक्क रडत होता.

तेवढ्यात फाटकाशी आजोबा आणि मामी उभे! टिटवीने सगळी हकीकत एका दमात सांगितली. आजोबांनी मामाकडे असं पाहिलं की तो पुन्हा आठ वर्षांचा झाला.

"आणि गंमत बघ," ते म्हणाले, "वाळलेलं एरंडेल पेट्रोलला दादच देत नाही. उगाच जिवाशी खेळ!"

वास पार गेल्यावर मामाने तसराळं बाहेर आणलं. पेट्रोल गटारात न ओतता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरलं, गॅरेजवाल्याकडे द्यायला. इंजिन वाऱ्यावर ठेवलं, तेही जराही वास उरेनासा होईपर्यंत! मग मुलांनी ते साबणपाण्याने घासलं, नीट पुसून वाळवलं. अंगणातच ताईने मामीच्या हेअर ड्रायरने त्याला ऊब दिली, टिटवीने तेलाचे थेंब सोडले आणि ढब्बूने पंखा धरला. जोर नाही. मागे-पुढे, मागे-पुढे.

टप्!

पंखा फिरला. आजोबांनी तो स्वतः एकदा फिरवून पाहिला. पुन्हा टप्! त्यांचा चेहरा उजळला.

"शाब्बास! असल्या वेळी मोठमोठ्यांची मती गुंग होते. तुम्ही डोकं शांत ठेवलंत. उद्यापासून विमानाचं शिक्षण सुरू!" मग त्यांनी मामाच्या हातात स्क्रूड्रायव्हर ठेवला. "आणि तू? तुझं काम कळलं का?"

मामा निमूट उठला. मागच्या दाराची कडी त्याने स्क्रू काढून उचकटली आणि टिटवीच्या हातात ठेवली. "घे. तुमचं पदक."

टिटवीने ती फ्रॉकला लटकवून पाहिली. "आम्हाला पदक. मग मामाला काय बक्षीस?"

"त्याची अंघोळ राहिलीये," आजोबा म्हणाले. "आणि गिझरचा नळ आज काही उघडायचा नाही!"