एक लांब, एक आखूड

लग्नाला दोन महिने झाले की सून घरातली माणसं चालीवरून ओळखू लागते. सासूबाई टाच आपटत येतात, नणंद सपाता फरफटवते, आणि नवरा मांजरासारखा मागून येऊन दचकवतो, वर स्वतःच हसतो. मोठे मामा, म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, पाऊल टाकण्याआधी खाली बघतात. जन्म दगडाच्या वखारीत गेला, सवय असेल, असं मी धरून चालले होते.

मागच्या अंगणात आम्ही नवी फरशी बसवून घेतली होती, ती तपासायला ते आले. तपासणीला तासभर पुरे. बॅग मात्र चार दिवसांची होती.

शनिवार, रात्रीचे साडेदहा. खुर्च्या बाहेर, किडे येतात म्हणून दिवा बंद. फरशीच्या पुढे हिरवळ, हिरवळीच्या टोकाला फाटक. मामांनी टाचेनं चार फरश्या ठोकून पाहिल्या.

"बरी बसवलीये. एक पोकळ वाजते, पण तुम्हाला कुठे कळणार म्हणा."

"ते सोडा, भुताची गोष्ट सांगा," नणंद म्हणाली. "वहिनी घाबरते का बघू."

"भुताची नाही सांगत. घडलेली सांगतो. गेल्याच महिन्यातली. माझ्या ओळखीचा एक कंत्राटदार आहे, त्याची." मामांनी खुर्ची जरा भिंतीकडे सरकवली.

"मंगळवारी संध्याकाळी पावणेसातला तो वखारीत आला, डिकीत एक फरशी घेऊन. म्हणाला, मामा, ही परत ठेवून घ्या, माझी नाही. सकाळी उठलो तर फाटकाच्या आत, हिरवळीत बसवलेली. पहारीनं उपटून आणलीये. मी हसलो. म्हटलं, लोक पैसे देऊन बसवून घेतात, तुला फुकट मिळाली तर रडतोस? ठेवून घेतली.

"बुधवारी पहाटे त्याचा फोन. तीच फरशी पुन्हा जागेवर. आणि तिच्यापुढे दुसरी. गुरुवारी तिसरी. रोज एक... घराच्या दिशेनं.

"मी बघायला गेलो. दगडाकडे नाही, मी अंतराकडे बघत राहिलो. एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड."

ते थांबले. नवरा म्हणाला, "म्हणजे काम कच्चं?"

"काम पक्कं, भाचेबुवा. एकही फरशी डुगडुगत नव्हती. हिरवळीतली पायवाट चांगला मिस्त्री टेपनं नाही आखत. ज्याची वाट, त्याला गवतावरून चालायला लावतो. पाऊल पडेल तिथे फरशी. आमच्याकडे एक होता, या कामात वाघ. एक पाय आखूड, म्हणून सगळे त्याला पावणेदोन म्हणायचे. तो म्हणायचा, 'खुशाल म्हणा, पण माझा पाय अडखळलेला दाखवा.' वीस वर्षांत कुणाला दाखवता आला नाही."

"होता?" नणंदेनं पाय खुर्चीवर घेतले.

"गेला. त्याच कंत्राटदाराच्या कामावर. फरश्या उभ्या ठेवतात, थप्पीला खालून लाकडी पाचर असते. निळ्या टोकाची होती, सुतळी गुंडाळलेली. कंत्राटदाराची गाडी उतारावर सरकायला लागली. त्यानं ती पाचर उपसली, चाकाखाली घातली. थप्पीपुढे पावणेदोन बसला होता, पाठमोरा...

"चौकशीत कंत्राटदार म्हणाला, लंगडाच तो, पाय अडखळून थप्पीवर पडला. तसंच लिहिलं गेलं. त्याची बायको ज्याला त्याला एकच विचारत होती. 'पाय अडखळला? ह्यांचा?'"

नवऱ्यानं खुर्ची जवळ ओढली.

"मी कंत्राटदाराला म्हटलं, जा, तिला खरं सांग. तो म्हणाला, सांगितलं तर आत जाईन. दुसऱ्या बुधवारी नववी फरशी दाराला टेकली. रात्री त्यानं मला सोबतीला बोलावलं. तो आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. दाराला कडी. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"ठक.

"रबरी हातोडी. मी झोपेतही ओळखेन.

"ठक... ठक. मग काही नाही. मग... आतून. त्याच्या खोलीतून.

"मी उठलो नाही.

"तो ओरडला नाही. नुसता म्हणत होता, 'चालतो... चालतो ना... परत चालतो...' उजाडेपर्यंत."

मामांचा आवाज इतका खाली गेला की आम्ही तिघं पुढे वाकलो.

"सकाळी पलंगाशी दहावी फरशी. सांध्यातलं सिमेंट ओलं. तो तिच्यावर उभा. हाड मोडलं नव्हतं, डॉक्टरांना काही सापडलं नाही. पण उजवा पाय... चार बोटं आखूड. तो दारातून फाटकापर्यंत चालत गेला. एक लांब, एक आखूड. प्रत्येक पाऊल बरोबर फरशीवर. इतर वेळी माणसाच्या मापाची वाट करतात. इथे वाट आधी झाली. माणूस मागून मापाचा केला."

नणंद माझा हात धरून बसली होती. मला मात्र ती निळी पाचर सुटत नव्हती.

"मामा, पाचरीचं तुम्हाला त्यानं सांगितलं?"

"तो कशाला सांगतोय, सूनबाई."

"मग?"

त्यांनी मान वळवून फाटकाकडे पाहिलं.

"मी गाडीत होतो. पुढच्या सीटवर. मलाही विचारलं चौकशीत. मी म्हटलं... माझं लक्ष नव्हतं."

ते उठले, खाली बघत आत गेले. त्यांची खोली मागचीच, दार हिरवळीवर उघडणारं. कडी लागली. मग काहीतरी जड फरफटत दाराशी आणल्याचा आवाज झाला. "घाबरली ना वहिनी?" असं नवऱ्यानं विचारलं, पण हसला नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी उठते. नव्या सुनेचं तेवढंच मोठेपण. मागचं दार उघडलं. मामांचं दार बंद, आतून घोरणं ऐकू येत होतं. हिरवळ दवानं पांढरी, त्यावर कुणाच्या पावलाची खूण नाही.

फाटकाच्या आत एक फरशी होती.

मी वाकून दोन्ही हातांनी दाबली. हलली नाही. तिच्यावर दव नव्हतं, आणि कडेचं सिमेंट अजून ओलं होतं.