एकतिसावी फाईल

पोवई नाक्यावरच्या त्या दुकानाची पायरी आम्रपाली पहिल्यांदा चढली, तेव्हा तिच्या छत्रीतून पाणी निथळत होतं, ओढणी खांद्याला चिकटली होती आणि दुकानात माणूस असा कुणीच दिसत नव्हता. होते ते फक्त टेबलाखालून बाहेर आलेले दोन पाय.

"हॅलो... हॅलो... आवाज येतोय का?" टेबलाखालून प्रश्न आला.

"येतोय की," आम्रपाली म्हणाली.

टेबलाला आतून दणका बसला. मग डोकं चोळत, हातात माईक घेऊन एक उंच, सावळा तरुण बाहेर आला. त्याच्या केसांत धूळ होती आणि चेहऱ्यावर भलताच संकोच.

"तुमाला न्हाई... मशीनला इचारलं हुतं."

"मग मशीननं उत्तर दिलं असतं, तर डोकं आपटलं नसतं का?"

त्यानं खाली मान घातली. तिनं पिशवीतली गार पाण्याची बाटली काढून पुढं केली. त्यानं ती निमूट टेंगळावर धरली, पाच मिनिटांनी परत दिली आणि काहीही न बोलता पुन्हा टेबलाखाली गेला. साधं थँक्यूसुद्धा नाही! नाव तेवढं त्यानं जाता जाता सांगितलं. नागसेन. विट्याकडचा. तिनं आपलं सांगितल्यावर टेबलाखालूनच 'जयभीम' आलं, एवढीच काय ती माणुसकी.

हे एकोणीसशे नव्व्याण्णव साल. साताऱ्यात कॉम्प्युटर अजून लग्नातल्या नव्या नवरीसारखा झाकूनपाकून ठेवायची वस्तू होता. बाळासोंच्या दुकानात ते सुटे भाग आणून जोडले जायचे. जोडायचं काम नागसेनचं, त्यात प्रोग्राम भरून ते नीट चालतात का ते बघायचं काम आता आम्रपालीचं. नागसेनचा एक नियम होता... आवाज तपासल्याशिवाय मशीन गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही. रोज सकाळी लवकर येऊन तो माईक आधी दुकानातल्याच मशीनला जोडायचा आणि त्यात बोलून बघायचा. कॉम्प्युटरमधला तो रेकॉर्डर मोठा खडूस होता, साठ सेकंद झाले की बोलणाऱ्याचं वाक्य संपो न संपो, आपला थांबायचा. नागसेनला त्याची अडचण नव्हती. साठ सेकंद सलग बोलताना त्याला कुणी पाहिलंच नव्हतं.

आम्रपालीला मात्र बोलल्याशिवाय करमायचं नाही. कोरेगावहून एसटीनं यायची, येताना दोन भाकऱ्या जादा आणायची. खर्डा आणि भाकरी नागसेन असा मन लावून खायचा की बघणाऱ्याला भूक लागावी. खाऊन झालं की हात धुवून सरळ कामाला.

"तुमच्या विट्याकडं थँक्यू म्हणायला काही पडतं का हो?" एकदा तिनं विचारलंच.

"आमच्यात म्हणत न्हाईत," तो म्हणाला, आणि कान लाल करून निघून गेला.

काय माणूस! पण रागावावं तर तेही जमेना. मशीन उघडायला तिला त्यानंच शिकवलं, स्क्रू पडू नये म्हणून खाली आपला तळहात धरून. धो धो पावसात तिची छत्री उलटी झाली, तेव्हा मॉनिटरच्या खोक्यातलं प्लॅस्टिक त्यानंच तिच्या डोक्यावर धरलं आणि स्वतः चिंब भिजत एसटी स्टँडपर्यंत आला. सुटलेली कोरेगाव गाडी त्यानं पत्र्यावर थापा मारून थांबवली. आम्रपाली खिडकीतून ओरडली, "थँक्यू हं!" आणि त्याचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. ती थँक्यू म्हणाली की दर वेळी असंच. तिला हे कोडं सुटेना. आणि सुटत नाही म्हणून ते घरी जातानाही तिच्या सोबत असायचं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरात बाळासोंनी तिच्यापुढं एक सीडी ठेवली.

"म्याडम, ह्यात गाणी वाजवायच्या त्या प्लेअरचं नवं व्हर्जन हाय. कोरेगावच्या शाळंला दहा मशीनं द्यायची हायत. जुनंच घालावं का हे नवं, ते शनवारपतोर लिहून द्या. गुण-दोष दोन्ही. आणि ह्यो आपला नागसेन बी शनवारपतोरच हाय."

"म्हणजे?"

"आवं, शिरवळच्या कंपनीत लागला न्हवं का! सोमवारी हजर व्हायचंय. परमनंट. तुमाला बोलला न्हाई?"

नाही. तिला तो बोलला नव्हता. त्या नोकरीसाठी त्याचा बायोडाटा तिनंच दोन दुपारी बसून टाईप केला होता, इंग्रजी चुका दोनदोनदा तपासल्या होत्या. आणि बातमी तिला बाळासोंकडून कळावी! तिनं सीडीचं पाकीट जरा जास्तच जोरात फाडलं. कोपऱ्यात नागसेन एका पंख्याचे स्क्रू आवळत होता. आवळून झालेले पुन्हा आवळत होता.

शुक्रवारी दुपारी बाळासो जेवायला घरी गेले, नागसेन सामान आणायला गेला. बाहेर रिपरिप चालू होती. आम्रपालीनं दुकानातल्या त्याच मशीनवर नवं व्हर्जन चढवलं, वही उघडली, पानाच्या मधोमध रेघ मारली. एकीकडं 'जुनं', दुसरीकडं 'नवं'. नवं दिसायला देखणं होतं. आवाज वाजला की पडद्यावर निळ्या लाटा नाचायच्या. गाणं चालू असताना पुढचं गाणं रांगेत लावता यायचं. तिनं मन घट्ट करून एकेक नोंद केली. मग नव्या व्हर्जननं आपणहून विचारलं, तुमच्या कॉम्प्युटरमधले सगळे आवाज शोधून यादी करू का?

कर बाबा, म्हणत तिनं होय दाबलं.

यादी सरसर उतरू लागली. गाणी, कॉम्प्युटरच्या पोटातल्या टिंगटिंग घंट्या... आणि मग कुठल्याशा आडबाजूच्या, तीन कप्प्यांच्या आत लपवलेल्या जागेतून एकापाठोपाठ एक. टेस्ट एक. टेस्ट दोन. टेस्ट तीन... थेट एकतीसपर्यंत.

तिनं हेडफोन कानाला लावला.

"हॅलो... टेस्ट एक. काल कोरेगावच्या बाई आल्या. डोकं आपटलं तर आपल्या बाटलीतलं गार पानी दिलं. थँक्यू. तोंडावर म्हनायचं न्हाई, म्हनून हितं म्हंतो."

आम्रपालीचा हात माऊसवर तसाच राहिला.

"टेस्ट सात. खर्डा लय भारी हुता. तू स्वतः अर्धीच भाकरी खाल्लीस, मी बघितलं. थँक्यू."

तू! समोर तुमी, म्याडम, आणि इथं तू!

"टेस्ट एकोणीस. काल तू रागावलीस. आता सांगतो... माझी आई, बनाबाई, ती म्हंती, थँक्यू परक्याला म्हनायचं. घरच्या मानसाला म्हटलं की त्ये परकं हुतं. मग तुला कसं म्हनू? आन तू मला रोज म्हंतीस. प्रत्येक टायमाला वाटतं, आपुन अजून परकंच हाय..."

तिच्या डोळ्यांसमोर पडद्यावरच्या निळ्या लाटा धूसर झाल्या. किती थँक्यू म्हणाली होती ती त्याला! स्क्रूला थँक्यू, प्लॅस्टिकला थँक्यू, एसटीला थँक्यू. बिचाऱ्याला दर वेळी दाराबाहेर उभं केलं होतं.

"टेस्ट चोवीस. तू बायोडाटा टाईप केलास, म्हनून शिरवळचा कॉल आला. आता नोकरी लागली तर तुझ्यापासनं लांब जायचं. थँक्यू म्हनू का भांडू, त्येच कळंना."

आणि एकतिसावी, आजच सकाळची. सुरुवातीला नुसताच श्वास. मग पाऊस. मग खाकरणं. चाळीस सेकंद असेच गेले!

"उद्या शेवटचा दिवस. नोकरी परमनंट हाय... खोली बी मिळंल. तवा म्हटलं, इचारून टाकावं. आम्रपाली, तुला चालत असंल तर... म्हंजी, आईला घिऊन मी..."

आणि शांतता.

तिनं पुन्हा वाजवली. आईला घिऊन मी... आणि शांतता. नव्या व्हर्जनचा दोष असणार! फाईल अर्धीच वाजवतं मेलं! तिनं घाईघाईनं तीच फाईल जुन्या व्हर्जनमध्ये लावली. आईला घिऊन मी... आणि शांतता. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्याकडं गेलं. साठ. बरोब्बर साठ सेकंद.

ती हसली. डोळे पुसत हसली. हा माणूस सोमवारी शिरवळला जाणार, आणि आयुष्याचा प्रश्न मशीनमध्ये अर्धा ठेवून जाणार! तो काही आपणहून विचारायचा नाही. आणि तिनं काही केलं नाही तर ती कोरेगावच्या एसटीत, तो शिरवळच्या कारखान्यात, दोघंही मूग गिळून म्हातारी होतील. तिनं वहीचं नवं पान काढलं.

शनिवारी संध्याकाळी बाळासोंनी अहवाल हातात घेतला आणि खिसे चाचपले. त्यांचा चष्मा नेहमीप्रमाणे घरी होता, हे आम्रपालीला पक्कं ठाऊक होतं.

"नागसेन, वाच रं गड्या जरा मोठ्यानं."

नागसेननं वाचायला सुरुवात केली. "नव्या व्हर्जनचे गुण. आवाज स्वच्छ. गाणी रांगेत लावता येतात. दिसायला सुबक. दोष..." तो थांबला.

"वाच की."

"दोष. झाकली मूठ झाकलेली राहत नाही. डिस्कवर कुणी कुठंही लपवलेला आवाज... हे व्हर्जन हुडकून काढतं." त्याचे कान लाल होऊ लागले. "फाईल नंबर एकतीस... साठाव्या सेकंदाला तुटते. दोन्ही व्हर्जनमध्ये तपासलं. दोष व्हर्जनचा नाही. बोलणाऱ्याचा आहे."

आम्रपाली खिडकीबाहेर बघत होती, पण तिची बोटं ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती.

"बाकीच्या तीस फाइली पूर्ण ऐकल्या. त्यात काही दोष नाही..." नागसेनचा आवाज खोल गेला. "शिफारस. एकतिसावी फाईल समक्ष पूर्ण करावी."

बाळासोंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. कॉम्प्युटर त्यांना कमी कळायचा, माणसं बरी कळायची.

"म्हंजी नवं घ्यायचं का न्हाई?"

"घ्यायचं," नागसेन म्हणाला.

"मग शटर मी वढतो. तुमी दोघं जावा. म्याडमची गाडी चुकंल."

स्टँडपर्यंत ती छत्रीतून गेली, आणि तो छत्रीच्या कडेनं, अर्धा आत, अर्धा बाहेर. कोरेगावची गाडी लागली होती. लोक चढत होते. आम्रपालीच्या मनात आलं, आताही नाही बोलला तर?

ती पायरीवर चढली. मागून आवाज आला.

"हॅलो..."

ती वळली. तो पावसात उभा होता. हातात माईक नव्हता, तरी मूठ तोंडाजवळ तशीच धरलेली.

"आवाज येतोय का?"

"येतोय की."

"आईला घिऊन मी..." गर्दीतली एक म्हातारी टोपलीसकट थांबून ऐकू लागली. "आईला घिऊन मी कोरेगावला येऊ का? तुला मागाया?"

"पुढच्या रविवारी या," आम्रपाली म्हणाली. आवाज थरथरला, पण तुटला नाही. "आणि त्यांना सांग, भाकऱ्या मी करणार आहे. खर्डापण."

"सांग म्हटलीस..." तो पुटपुटला. "सांगा न्हाई."

"आता काय तुला अहोजाहो करत बसू?"

कंडक्टरनं घंटा मारली. नागसेन हसला, असा मोकळा की दोन महिन्यांत ते हसू तिनं पाहिलं नव्हतं. गाडी हलली. तो दोन पावलं सोबत चालला, ओल्या पत्र्यावर हलकेच थाप मारली आणि मागं राहिला.

खिडकीतून तिनं वाकून पाहिलं. बाटलीभर पाण्यासाठी, अर्ध्या भाकरीसाठी ज्यानं तीस वेळा मशीनपाशी आभार मानले होते, तो माणूस भिजत हात हलवत होता. त्या हाताचं, त्या प्लॅस्टिकचं, त्या एकतीस सकाळींचं सगळं ऋण तिला एकदमच जाणवलं. सवयीनं थँक्यू अगदी ओठांवर आलं होतं.

तिनं ते गिळलं, आणि नुसता हात हलवला.