दर दोन तासांनी

"एजे, तू फक्त बोट लाव. बाकी मी बघते," असं म्हणून नाझिरानं फोन बेर्मेतच्या ताटाशेजारी पावाच्या चुऱ्यातच ठेवला.

एजे म्हणजे ताई. नाझिरा नऊ वर्षांनी धाकटी, पण एप्रिलमध्ये आई गेल्यापासून घरातलं थोरलेपण तिनंच उचललं होतं. बेर्मेतनं हरकत घेतली नव्हती. हरकत घ्यायलाही थोडी ताकद लागते.

फोनवर सुसामिरच्या कुरणांतली मुक्कामाची ठिकाणं होती. पारदर्शक घुमट आणि त्यात पांढरा पलंग. आडव्या पिंपासारखी लाकडी घरं. एका ठिकाणी तर आंघोळीचा टब उघड्यावर, गवतात मांडलेला.

"याला ग्लॅम्पिंग म्हणतात," नाझिरा म्हणाली. "तंबूत राहायचं, पण गादीसकट."

"आजी जन्मभर तंबूत राहिली. आपण काय करतोय हे तिला कुणी सांगितलंच नाही."

"आजीकडे टब नव्हता. निवड लवकर, चहा गार होतोय."

बेर्मेत बिश्केकच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. बावीस वर्षांत तिचा एक आकडा चुकला नव्हता. मागच्या महिन्यात तिनं दोन नमुन्यांचे आकडे एकमेकांच्या जागी लिहिले आणि एका गावाची वाईट विहीर कागदावर चांगली ठरली. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं ते वेळेत पकडलं. साहेबांनी आवाज चढवला नाही, हेच तिला जास्त लागलं. "दहा दिवस घ्या," ते म्हणाले, "आणि झोपून या. नाहीतर मला तुम्हाला नमुन्यांपासून लांब बसवावं लागेल."

झोप तीन वर्षांपूर्वीच गेली होती. आईला पक्षाघात झाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. बेर्मेतनं ते मनावर घेतलं. आधी गुडघा दुमडायचा. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. वळवल्यावर पाठीमागे गुंडाळलेला टॉवेल, गुडघ्यांमध्ये उशी, आणि घोट्याखाली कापडाचं कडं, म्हणजे टाच अधांतरी राहते आणि घासत नाही. तीन वर्षं, रात्रंदिवस. आईच्या अंगावर एकही जखम झाली नाही. बेर्मेतला याचा अभिमान होता; अभिमान वाटावा असं दुसरं काही तिच्याजवळ उरलं नव्हतं. आई गेल्यावर तिनं फोनमधला गजर काढून टाकला. शरीरातला निघाला नाही. बारा, दोन, चार, सहा. डोळे उघडत, हात उठत, आणि मग उचलायला काही नसे.

तिनं यादी शेवटपर्यंत सरकवली. तळाशी एकच चित्र बाकीच्यांपासून वेगळं होतं: जाड लोकरी नमद्याचं साधं करडं बोझ-उय, आजीचा होता तसला गोल तंबू, दार बंद, मागे डोंगर. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हे?" नाझिरा म्हणाली. "एवढ्या सगळ्यात हे सापडलं तुला?"

"आरपार दिसत नाही ना. बास."

*

अकमारल, तळाची मालकीण, गाडीपाशी कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा घेऊनच उभी होती. पन्नाशीची, रुंद, उन्हानं गाल तांबूस झालेली बाई.

"तुम्ही बेर्मेत-एजे ना? या, प्या आधी. घाटात पोटात कालवलं असेल." तिनं पिशवी उचलली आणि घुमटांकडे चालू लागली. "दोन रिकामे आहेत. कुठलाही घ्या. शहरातली माणसं हेच मागतात. बरणीतल्या माशासारखी पडून राहतात आणि ढग बघतात."

"मी बोझ-उय सांगितलं होतं."

अकमारल थांबली. "ते यादीतून काढायला सांगितलं होतं मी नवऱ्याला."

"गळतं का?"

"छे. थेंब येत नाही." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "झोप उत्तम लागते म्हणतात सगळे. पण दुसरी रात्र कुणी घेत नाही. विचारलं तर कारण सांगत नाहीत. हसतात नुसते."

झोप उत्तम लागते, एवढंच बेर्मेतनं ऐकलं.

बोझ-उय ओढ्यापलीकडे, बाकीच्यांपासून शंभर पावलांवर होतं. दार रीतीप्रमाणे पूर्वेला. आत जुन्या लोकरीचा आणि धुराचा वास. डाव्या बाजूला पलंग घातला होता. उजवी बाजू, बायकांची बाजू, रिकामी होती. तिथं जमिनीवर रजयांची नुसती एक घडी अंथरलेली.

"इकडे पलंग का नाही?"

"घातला होता. लोकच ओढून तिकडे नेतात," अकमारल म्हणाली. "जेवण सातला. काही लागलं तर ओरडा. फोन इथं लागत नाही."

बेर्मेतनं बूट काढले, पिशवी ठेवली आणि भिंतीच्या लाकडी जाळीला टेकायला वळली. तिथं तिला ते दिसलं. उजव्या बाजूच्या जाळीची एक पट्टी मधोमध मोडलेली होती आणि तिच्यावर बँडेज गुंडाळलेलं होतं. फिकट तपकिरी, ताणलं जाणारं, दवाखान्यातलं. टोक दोनदा आत खोचून वर चपटी गाठ.

ती गाठ तिची होती.

एप्रिलमध्ये आई गेली तेव्हा तिला तलासकडच्या गावी नेलं होतं. अंगणात बोझ-उय उभारलं, गावातल्या एका माणसाकडून भाड्यानं आणलेलं. बाई गेली की उजव्या बाजूला ठेवतात, तसं आईला उजवीकडे ठेवलं. बायका जाळीकडे तोंड करून बसल्या आणि गळा काढून रडल्या. बेर्मेत बसली नाही. लाकडं, पाणी, मांस, येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा, सगळं तीच बघत होती. गर्दीत कुणीतरी रेललं आणि पट्टी मोडली, तेव्हा आईच्या औषधांच्या पिशवीतलं बँडेज काढून तिनंच ती बांधली. दफन झाल्यावर त्याच संध्याकाळी ती पुरुषांना म्हणाली, "पुरे झालं. उतरवा."

"सात दिवस तरी राहू दे गं," मावशी म्हणाली होती. "गेलेली बाई मागे वळून बघेल, तेव्हा घर नको का दिसायला?"

"मावशी, मला झोपायचंय."

अंधार पडायच्या आत नमदे गुंडाळून झाले होते. आणि ती झोपली नव्हती.

बेर्मेत ओढा ओलांडून परत गेली. अकमारल कणीक मळत होती.

"ते बोझ-उय कुठून आणलं तुम्ही?"

"तलासकडच्या एकानं विकलं, मे महिन्यात. का हो?"

"काही नाही. ओळखीचं वाटलं."

अकमारलनं कणकेचा हात तसाच ठेवून तिच्याकडे पाहिलं. "बदलून देऊ का? अजूनही घुमट आहे. सामान मी आणते."

बेर्मेतनं विचार केला. योगायोग मोठा होता, पण अशक्य नव्हता. भाड्याची बोझ-उयं जुनी झाली की मुक्कामाच्या तळांवरच विकली जातात. आणि घुमटापर्यंत जाऊन बिछाना लावून पुन्हा आडवं व्हायचं, या कल्पनेनंच तिची कंबर भरून आली.

"राहू दे," ती म्हणाली.

*

छताच्या मधोमध तुंदुक होतं, लाकडी कडं, त्यावर फुलीसारख्या आडव्याउभ्या काड्या. त्यातून सूर्याचा गोल आत पडत होता. लहानपणी आजी या गोलावरूनच वेळ सांगायची. सकाळी तो मागच्या भिंतीवर असतो, मध्यान्हीला उजव्या बाजूला, आणि दिवस कलला की दाराकडे सरकतो. बेर्मेत पलंगावर पडली तेव्हा घड्याळात सव्वा वाजला होता आणि गोल बरोबर उजवीकडे, रजयांवर होता. इथं सूर्य माथ्यावर येतो तो एकनंतरच. सगळं जागच्या जागी होतं.

तिला झोप लागली नाही, पण डोळे मिटले. उघडले तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. गोल तिथंच होता.

तिनं केसांतल्या दोन पिना काढल्या आणि गोलाच्या दोन कडांना खोचल्या. दहा मिनिटं थांबली. मग आणखी दहा. प्रकाश पिनांना चिकटून राहिला.

बाहेर जाऊन तिनं दाराच्या खांबाची सावली बघितली. सावली पूर्वेला लांबली होती, लांबायला हवी तेवढीच. आत येऊन पुन्हा पाहिलं. आता एक गोष्ट मात्र बदलली होती. गोल गोल राहिला नव्हता. लांबट झाला होता, दोन्ही टोकांना निमुळता. तिनं मनातल्या मनात हिशेब केला. इतका लांबट व्हायला सूर्य बराच खाली हवा, आणि सूर्य इतका खाली असेल तर हा प्रकाश दारापाशी पडायला हवा. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

तिनं पावलानं लांबी मोजली. दीड मीटरहून थोडी जास्त. आई ठेंगणी होती.

पाचला ढग आले. डोंगराकडून गारांचा आवाज जवळ आला, घुमटांमधली पोरं किंचाळत आत पळाली. बाहेर कुणीतरी दोर ओढला.

"मी आहे हो, एजे!" अकमारल पावसातून ओरडली. "तुंदुक झाकते. पडून राहा!"

वरचा नमदा सरकला. कडं बुजलं. आत काळोख झाला.

उजव्या बाजूला प्रकाश तसाच होता.

तो कशावर पडत नव्हता. कुठून येत नव्हता. रजयांवर होता, तिरक्या फुल्यांच्या सावलीसकट.

बेर्मेत पलंगाच्या कडेला बसून राहिली. भीती येईल म्हणून वाट पाहिली. आली, पण फार लांबून, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. तिच्याजवळ भीतीलाही जागा उरली नव्हती. गारांचा पाऊस झाला आणि तो थांबला. तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही. तरी हात उठले, तेव्हा सहा वाजले आहेत हे तिला कळलं.

ती उठली आणि उजवीकडे जाऊन गुडघ्यांवर बसली.

रजई गरम होती. कडेला नाही, मधेच.

एक हात खांद्याखाली. एक कमरेखाली.

"अंग सैल सोड, अपा," ती म्हणाली. तीन वर्षं ती आईला दर वेळी हेच सांगायची. "सैल सोड, मग मला जड जात नाही."

हातांवर वजन आलं.

शेवटी आई एकोणपन्नास किलोंची झाली होती. हातांना ते पक्कं माहीत होतं.

तिनं वळवलं. प्रकाशातली फुली सावकाश फिरली आणि भिंतीकडे कलली. मोडलेल्या पट्टीकडे.

मग बेर्मेत रडली. आवाज न करता, जाळीकडे तोंड करून, बसायला हवं होतं तशी बसून.

सात वाजता अकमारल जेवण घेऊन आली. तिनं दारातूनच आत पाहिलं, अंधार दिसला, एका कोपऱ्यात बाई बसलेली दिसली. ताट उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि उलट्या पावली गेली.

आठला बेर्मेत पलंगावर जाऊन उताणी पडली. दिवसभराचे कपडे तसेच, अंगावर पांघरूण नाही. उजवीकडे आता काहीच दिसत नव्हतं. दहाला उठायला हवं, एवढा विचार तिच्या मनात अर्धा आला.

*

डोळे उघडले तेव्हा दाराच्या फटीतून उजेड येत होता आणि बाहेर घोडीचं दूध काढल्याचा आवाज. तिला लगेच काही आठवलं नाही. डोकं स्वच्छ होतं, धुतलेल्या काचपात्रासारखं. कंबर दुखत नव्हती. किती दिवसांनी? किती वर्षांनी?

ती डाव्या कुशीवर होती, तोंड भिंतीकडे. झोपेत माणूस वळतो, तिनं स्वतःला सांगितलं.

मग तिला पाठीमागे काहीतरी घट्ट लागलं. तिनं हात मागे नेला. तिचाच टॉवेल होता, पिशवीतला, गुंडाळून पाठीला लावलेला, टोक आत दुमडून. गुडघ्यांमध्ये उशी होती. पांघरूण खांद्यापर्यंत आलेलं आणि मानेपाशी खोचलेलं.

ती हलली नाही. नुसती मान वाकवून पायांकडे पाहिलं.

घोट्याखाली कडं होतं, फिकट तपकिरी, ताणल्या जाणाऱ्या बँडेजचं, नीट वळलेलं. टाच अधांतरी होती. तिनं मान मागे वळवली. पलीकडे, उजवीकडच्या जाळीची मोडकी पट्टी उघडी लोंबत होती.

बेर्मेतनं मनगट डोळ्यांपाशी आणलं. सहाला दहा मिनिटं कमी होती.

तिनं हात होता तिथं ठेवला, डोळे मिटले, आणि अंग सैल सोडलं, जड जाऊ नये म्हणून.